पंपाच्या मागच्या दाराचं कुलूप : महामार्गावरच्या पेट्रोल पंपचालकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या महामार्गांवरचे सर्व पेट्रोल पंपचालक,
आणि तेल कंपन्यांचे विक्री अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी देवरूखजवळच्या एका गावात राहते. आमचा बारा जणींचा बचत गट आहे. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आंबापोळी, फणसाचे तळलेले गरे, कुळथाचं पीठ, नाचणीचे पापड असा माल आम्ही करतो आणि वर्षातून आठ-दहा वेळा गाडीत भरून मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या प्रदर्शनांना नेतो. मुंबईचं महालक्ष्मी सरस हे आमचं सगळ्यात मोठं. गाडी ईको आहे, सहा वर्षांची, आणि ती मी चालवते. म्हणजे तुमच्या पंपांशी माझा संबंध नुसता पेट्रोलपुरता नाही. घराबाहेर पडल्यापासून घरी परत येईपर्यंत आम्हा बायकांना हक्काने थांबता येईल अशी रस्त्यावरची जागा एकच, ती म्हणजे तुमचा पंप. धाबा असतो, पण रात्री सगळ्याच धाब्यांवर बायका उतरत नाहीत. पंपावर दिवे असतात, गणवेशातली माणसं असतात, डोक्यावर छप्पर असतं. म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे.

आधी एक गोष्ट सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांना ती कदाचित कधीच दिसली नसेल.

आम्हाला मुंबईला जायचं असलं की पहाटे चारला निघतो. सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता. माल भरलेला असल्यामुळे आणि रस्ता जसा आहे तसा असल्यामुळे आठ-नऊ तास कुठे गेले नाहीत. या प्रवासाची तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होते. बरण्या बांधायच्या, खोक्यांवर नावं लिहायची, आणि रात्री नऊनंतर पाणी प्यायचं नाही. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. गाडीत बसणाऱ्या सगळ्या जणी आपणहून करतात. सकाळी चहासुद्धा अर्धा कप. गाडीत माझ्याजवळ पाण्याची बाटली असते, ती मागे दिली की तशीच भरलेली पुढे येते. "नको, पुढे सोय नाही," एवढंच उत्तर.

आमच्या गटातल्या एक काकू साठीच्या आहेत. त्यांना मधुमेह आहे. मधुमेहाच्या माणसाला तहान जास्त लागते आणि लघवीलाही वारंवार जावं लागतं. काकूंना दोन्ही दाबून ठेवावं लागतं. मागच्या थंडीत प्रदर्शन आटोपून परत येताना रात्री साडेनऊच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "आता गाडी थांबवच गं." पुढच्या पंपावर गाडी घेतली. पेट्रोल भरायचंच होतं, दोन हजारांचं भरलं. पावती हातात घेऊन मी शौचालयाचं विचारलं. नोझलवरचा मुलगा म्हणाला, "बंद आहे ताई. चावी मॅनेजरकडे, ते घरी गेले." मी मागे जाऊन पाहिलं. इमारतीच्या मागच्या बाजूला दोन दारं, एकावर बाईचं चित्र. रंग नवा होता. कडीला कुलूप. मी तक्रार वही मागितली तर तीसुद्धा केबिनमध्ये आणि केबिनला कुलूप.

शेवटी काकू पंपाच्या भिंतीपलीकडच्या गवतात गेल्या. मी शाल धरून उभी राहिले. दुसरीने मोबाईलचा उजेड खाली धरला, साप-विंचू असेल म्हणून. महामार्गावरून ट्रक वळले की त्यांचा झोत आमच्या अंगावरून फिरत जायचा, आणि प्रत्येक झोताला काकू उठून उभ्या राहायच्या. चार वेळा उठल्या. गाडीत परत आल्यावर तासभर कोणी बोललं नाही. चौथ्या दिवशी काकूंना थंडी वाजून ताप भरला. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "पाणी किती पिता?"

त्या पंपाचं नाव मी लिहिणार नाही. एका पंपाला धडा शिकवायला हे पत्र नाही. वेगवेगळ्या पंपांवर मी हेच कुलूप पाहिलं आहे, आणि कारणं मात्र दरवेळी नवी ऐकली आहेत. पाणी नाही, काम चालू आहे, फक्त स्टाफसाठी आहे, आत्ताच धुतलंय. एकदा तर आत जुने डबे आणि झाडू भरून ठेवलेले होते.

आता हक्काचं बोलते. फुकट हवा, पिण्याचं पाणी, शौचालय, प्रथमोपचार पेटी, तक्रार वही, अडचणीत फोन करायची सोय या गोष्टी पंपावर असल्याच पाहिजेत, असं तेल कंपन्यांच्या नियमांतच आहे. तुम्हाला डीलरशिप मिळते ती हे मान्य करून. मला हे एका पंपावरच्या फलकानेच शिकवलं. तिथे पुढच्या गाडीची डिझेलची टाकी भरेपर्यंत मी रांगेत उभी होते आणि समोरचा फलक वाचत होते. सगळं स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं. त्या दिवसापर्यंत मी प्रत्येक पंपावर शौचालयाचं विचारताना "दादा, जरा" असं खालच्या आवाजात विचारत असे, जणू उसनं मागते आहे. फलक वाचल्यापासून मी सरळ विचारते.

यातले बहुतेक पंप इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचे आहेत. या कंपन्या सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या. १९७४ साली सरकारने एस्सोचा कारभार घेतला, त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली. १९७६ साली बर्मा शेल घेतली, तिची पुढे भारत पेट्रोलियम झाली. या दोघींची मुख्यालयं आपल्या मुंबईत आहेत. देशभरातल्या पंपांची संख्या आता लाखावर गेली आहे. एवढी पसरलेली, चोवीस तास उघडी, वीज आणि पाणी असलेली दुसरी कोणतीही व्यवस्था आपल्या रस्त्यांवर नाही. एसटीची स्थानकं शहरात आणि तालुक्याच्या गावी. दवाखाने वस्तीत. मधल्या निर्मनुष्य पट्ट्यात दिवा लागलेला दिसतो तो पंपाचाच.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे. या वर्षांत आम्ही या रस्त्यावर किती तास थांबून काढले, त्याचा हिशेब नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात परशुराम घाट कामासाठी रोज दुपारी काही तास बंद ठेवायचे. घाटाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगा, वरून ऊन, गाडीत लेकरं. गणपतीत तर विचारूच नका. मुंबईचा चाकरमानी बायकामुलांसह रात्रभर या रस्त्यावर असतो. त्या आठवड्यात पोलिसांची सुविधा केंद्रं लागतात, चहा-पाणी, औषधं मिळतात, आणि त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण आठवड्यानंतर मांडव निघतात. बाकीचं वर्ष पंपच.

समृद्धी महामार्गाचंही पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला तेव्हा रस्ता आधी आला आणि थांबण्याच्या सोयी मागून येत राहिल्या. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जोडला जाऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. आमच्या जुन्या रस्त्यावर निदान एखाद्या गावात शिरता येतं, ओळखीचं घर असतं, देवळाच्या आवारात नळ असतो. समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. ठरलेल्या जागेशिवाय खाली उतरताच येत नाही. तिथे पंपाच्या शौचालयाला कुलूप असेल तर बाईने जायचं कुठे? जेवढा रस्ता आधुनिक, तेवढी पंपाची जबाबदारी मोठी, असं माझं मत आहे.

हवेबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ते जिवाशी आहे आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष आहे.

माल भरलेली गाडी घेऊन मी आंबा घाट चढते आणि कोल्हापूरला जाते. खाली साखरप्याला उकडत असतं आणि वर पहाटेच्या वेळी स्वेटर लागतो. तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने कमी होतो (पीएसआय म्हणजे हवेच्या मशीनवर दिसणारा दाबाचा आकडा). त्यात आठवडाभर गाडी उभी असेल तर आणखी उतरलेला. हवा कमी असली की टायरच्या कडा रस्त्यावर घासतात, टायर आतून तापतो, पेट्रोल जास्त जातं आणि वळणावर गाडी हाताला जड लागते. वेगाच्या सरळ रस्त्यावर तर तापलेला टायर फुटण्याचीच भीती. हे सगळं टाळायला लागतात पाच मिनिटं आणि चालू असलेलं एक मशीन. किती हवा हवी ते गाडीच्या कंपनीने दाराच्या चौकटीवर छापलेलं असतं, मागच्या टायरला माल असताना वेगळा आकडा असतो. पण हवा भरायला गेलं की मशीनजवळ कोणी नसतं. "तो जेवायला गेलाय." तो कधी जेवायला गेलेला असतो, कधी मशीन बिघडलेलं असतं, कधी पाइपचं तोंड तुटलेलं असतं. आणि आता एक नवीन सुरू झालं आहे. साधी हवा बंद, नायट्रोजन भरा, टायरमागे इतके रुपये.

नायट्रोजनला माझा विरोध नाही. ज्याला हवा त्याने घ्यावा. पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि घरच्या गाडीला दाब नियमित तपासून भरलेली साधी हवा पुरते. फुकटची हवा बंद ठेवून विकतची पुढे करणं हे बरोबर नाही. मोटारसायकलवरून दोन मुलं आणि बायको घेऊन जाणारा माणूस चाळीस-पन्नास रुपये वाचवायला तसाच पुढे जातो. त्याच्या मागच्या टायरकडे एकदा पाहा.

मी त्या हवेवाल्या मुलांशीही बोलले आहे. दोन-तीन ठिकाणी असं कळलं की त्यांना पंपाकडून पगारच नाही. पंक्चर काढून आणि लोक देतील त्या पाच-दहा रुपयांवर त्यांचा दिवस जातो. मग ज्यात पैसे नाहीत त्या कामाला तो मुलगा उन्हात का उभा राहील? त्याला दोष देऊ नका. त्याला पगारावर घ्या, बसायला सावली द्या, आणि दाब दाखवणारं मशीन वर्षातून एकदा तपासून घ्या. चुकीचा आकडा दाखवणारं मशीन हे मशीन नसण्यापेक्षा वाईट.

पेट्रोलच्या मापाबद्दल आणि शुद्धतेबद्दल फार लिहीत नाही. त्याबाबत लोक आता जागे आहेत. पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं, ते मागता येतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरच्या आतला फरक चालतो, त्यापुढचा नाही. फिल्टर पेपरही मागता येतो. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला की चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग राहत नाही. घनता रोज सकाळी नोंदवायची असते. हे मागितल्यावर कपाळाला आठ्या न घालता दाखवणारे पंप मी पाहिले आहेत आणि तिथे मी पुन्हा पुन्हा जाते.

कोकणातल्या पंपचालकांना मात्र एक विनंती वेगळी. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. पूर्वी टाकीत थोडं पाणी शिरलं तर ते पेट्रोलच्या खाली वेगळं बसायचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. ते गाडीत गेलं तर गाडी जागच्या जागी बंद. आमच्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो तो तुम्हाला सांगायला नको. जमिनीखालच्या टाक्यांची झाकणं, त्यांच्याभोवतीचे खड्डे, रोजची पाण्याची तपासणी पावसाळ्यात दुप्पट काळजीने करा. घाटात पावसात बंद पडलेल्या गाडीत बसणं म्हणजे काय, ते मी एकदा अनुभवलं आहे. कारण पेट्रोलच होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून तक्रार करत नाही. फक्त विनंती करते.

प्रथमोपचाराच्या पेटीचंही एकदा उघडून पाहा. अपघात झाला की जखमी माणसाला लोक आधी उजेडाकडे आणतात, म्हणजे तुमच्याकडे. पेटीत मुदत संपलेलं मलम आणि वाळलेला कापूस असेल तर काय उपयोग? पंपावरची मुलं मदत करायला घाबरतात, पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून. त्यांना समजावून सांगा की २०१९ सालच्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. त्याला नाव-गाव सांगण्याचीही सक्ती नाही.

आता तुमची बाजू. ती मला माहीत नाही असं समजू नका. आम्हीही धंदा करतो.

प्रदर्शनात आमच्या दुकानापुढे लोक चव बघायला म्हणून मूठभर गरे उचलतात आणि न घेता पुढे जातात. तेव्हा मन खट्टू होतं. तुमच्याकडे तर पन्नास माणसांची बस थांबते, एक लिटर डिझेल न घेता सगळे उतरतात, शौचालय घाण करून जातात. नळ मोडतात, बादली पळवतात, भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या मारतात. बायकांच्या शौचालयात पॅड भांड्यात टाकल्याने पाइप तुंबतो, तो साफ करायला माणूस मिळत नाही. हे मी पंपमालकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि त्यात खोटं काही नाही. तुमचं कमिशन २०१७ नंतर वाढलं ते थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. सात वर्षं विजेची बिलं आणि पगार वाढत राहिले, हेही मी समजू शकते.

केरळमध्ये २०२५ साली पंपचालक या प्रश्नावर उच्च न्यायालयात गेले. पंपावरचं शौचालय गिऱ्हाइकांसाठी की येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी, हा वाद. कायद्याचा कीस न्यायालय काढेल. मी फक्त एवढंच म्हणते की रात्री साडेनऊला दारात उभ्या असलेल्या बाईला पावती विचारू नका. आणि तो खर्च सगळा एकट्या पंपचालकाने सोसावा असंही मी म्हणत नाही. महामार्गावरच्या पंपांना सफाई कामगाराचा पगार तेल कंपनीने वेगळा द्यावा. तो कमिशनमध्ये धरला आहे असं सांगून हात झटकू नयेत. प्रवासी बस जिथे नेहमी थांबतात, त्या पंपांशी बसवाल्यांनी ठरवून घ्यावं आणि रक्कम द्यावी. माल विकत घेणारा आणि न घेणारा हा भेद शौचालयाच्या दारात करायचा नाही, एवढं मात्र ठाम.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने एक योजना काढली होती. टोलनाक्यावरच्या अस्वच्छ शौचालयाचा फोटो पाठवा, तुमच्या फास्टॅगमध्ये हजार रुपये जमा होतील. मी आनंदाने वाचायला घेतली. खाली लिहिलं होतं की ही योजना प्राधिकरणाच्या ताब्यातल्या शौचालयांपुरती आहे, पेट्रोल पंप आणि धाबे त्यात नाहीत. म्हणजे आम्ही ज्या दारावर सगळ्यात जास्त वेळा जातो, तेच दार वगळलेलं. तेल कंपन्यांनी स्वतः अशी योजना काढावी. पैसे नकोत आम्हाला. पाठवलेला फोटो कोणीतरी पाहिला आणि दोन दिवसांत कुलूप निघालं, एवढं कळलं तरी पुरे. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' म्हणून शौचालयाच्या हक्काची चळवळ चालवली, तेव्हा कुठे महापालिका बोलू लागली. महामार्गावरची बाई आज इथे असते, तासाने पन्नास किलोमीटर पुढे असते. तिला मोर्चा कुठे काढता येणार? म्हणून तिचा प्रश्न कोणाच्याच दप्तरात नाही.

विक्री अधिकाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. तुम्ही तपासणीला येता ते दिवसा येता, आणि बहुतेक वेळा पंपाला आधी माहीत असतं. त्या दिवशी कुलूप उघडलेलं असतं, फिनेलचा वास येत असतो, साबणाची नवी वडी असते. कधी रात्री दहाला या. न सांगता या. सोबत एखाद्या महिला सहकाऱ्याला आणा आणि त्यांना आत जाऊन पाहू द्या, कारण आतून काय कमी आहे ते बाहेरून कळत नाही. कडी लागते का? दिवा आत आहे की फक्त बाहेर? पर्स आणि ओढणी अडकवायला खुंटी आहे का, की ती ओल्या जमिनीवर ठेवायची? पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का? गुडघे दुखणाऱ्या बाईला धरायला दांडा आहे का? दाराशी पुरुष घोळक्याने बसतात का? शौचालय इमारतीच्या मागे अंधारात बांधण्याची पद्धत कोणी सुरू केली मला माहीत नाही. नवे पंप बांधताना तरी ते पुढे, उजेडात, नोझलवरून दिसेल असं बांधा. लाज वाटावी असं त्यात काही नाही. अंधारात जायची भीती मात्र खरी आहे.

ट्रक ड्रायव्हरांना विसरून चालणार नाही. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे टँकर येतात, त्यांचे ड्रायव्हर चार-चार दिवस घराबाहेर. तेल कंपन्यांनी काही मोठ्या पंपांवर 'अपना घर' नावाची सोय केली आहे. झोपायला खाटा, आंघोळीला हौद, स्वतः स्वयंपाक करायला जागा, शुद्ध पाणी. उत्तम काम आहे, मनापासून सांगते. पण आमच्या रस्त्यावर मला अजूनही पहाटे ट्रकच्या खाली चादर टाकून झोपलेली माणसं दिसतात. ती माणसं झोप पूर्ण न होता गाडी हाकतात आणि समोरून माझी ईको येत असते. त्यांच्या झोपेचा संबंध माझ्या गाडीतल्या चार बायकांशी आहे.

सगळीकडे वाईटच आहे असं नाही. माणगावच्या अलीकडे एक पंप आहे. छोटाच. तिथे शौचालयाच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर एक मावशी बसलेल्या असतात. गाडी थांबली आणि बायका उतरताना दिसल्या की त्या उठून आत पाणी मारून येतात. दारावर मालकाचा मोबाईल नंबर रंगवलेला आहे, 'अस्वच्छ असल्यास मला फोन करा' असं लिहून. मी एकदा तिथल्या मालकांना विचारलं, परवडतं का हो? ते म्हणाले, "मावशींचा पगार जातो खरा. पण कुटुंबाच्या गाड्या आता इथेच थांबतात. बायका ठरवतात ना थांबायचं कुठे." हे त्यांचं गणित मला पटलं, कारण मी तेच करते. पुढे पंधरा किलोमीटरवर पंप आहे हे माहीत असूनही मी टाकी तिथेच भरते. मावशी मला नावाने ओळखतात. एकदा काकूंना चक्कर आली तेव्हा त्यांनी स्वतःची खुर्ची दिली आणि आपल्या डब्यातली भाकरी दिली.

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. मागच्या दाराची चावी मॅनेजरच्या खिशात न ठेवता नोझलवरच्या माणसाजवळ ठेवा, आणि जमलं तर कुलूपच काढा. एका माणसाला त्या कामाचा पगार द्या. हवेचं मशीन चालू ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर ती कधी धुतली ती तारीख लिहा. तक्रार वही बाहेरच्या टेबलावर ठेवा, दोरीने बांधलेली असली तरी चालेल. आणि कोणी त्यात लिहिलं तर खाली तुमचं उत्तरही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी आलेला माणूस वाचेल.

तुमच्यापैकी कोणाच्या पंपावर हे सगळं आधीच असेल तर त्यांनी रागावू नये. त्यांनी आपल्या शेजारच्या पंपवाल्याला हे पत्र वाचून दाखवावं. तुमच्या संघटनेच्या बैठका होतात, कमिशनचा, पुरवठ्याचा विषय असतो. एखाद्या बैठकीत अर्धा तास हा विषय घ्या. बोलावलंत तर मी येईन, काकूंनाही आणीन.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा निघणार आहोत. माल तयार होतो आहे, आगळ गाळून झालं. मावशींसाठी एक बाटली मी वेगळी काढून ठेवली आहे. काल काकूंना हे पत्र वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "लिहिलंस ते बरं केलंस. पण पाणी मी माणगाव दिसल्यावरच पिईन." माणगाव आमच्या गावापासून दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे.

आपली,
बचत गटातली एक गिऱ्हाईक,
देवरूख, तालुका संगमेश्वर